शेवंतीच्या पायाखालचा पट्टा

माझं माहेर उरणकडचं, मिठागराचं. आता तिथं बोटीतनं घराएवढे लोखंडी डबे उतरतात आणि ट्रकांची रांग लागते, पण मी सांगते ते आमची जमीन त्या डब्यांखाली जायच्या आधीचं. पाऊस सरला की आमी बायापोरी वाफ्यात उतरायचो, एकमेकीच्या कमरेत हात घालून रांगेनं उभ्या राहायचो आणि चिखल तुडवायचो, पुढं जायचं मागं यायचं, पुढं जायचं मागं यायचं, गाणी म्हणत, लांबून बघणाऱ्याला वाटायचं ह्या नाचतायत, पण संध्याकाळी पोटऱ्या अशा भरून यायच्या की भाकरी थापायला बसवायचं न्हाय. मिठाच्या वाफ्याची जमीन पायानंच घट्ट करायला लागते. ती भुसभुशीत राहिली तर मीठ मातकट येतं, ते कोण घेणार. माझा बाप मागनं चालून बघायचा, त्याची टाच रुतली की बोलायचा, परत तुडवा. त्यामुळं काय झालंय सांगू तुम्हाला, मी कुठंही गेले तरी माझी नजर आधी खाली जाते. लोक माणसाचं तोंड बघतात, गळ्यातलं बघतात, मी जमीन बघते. तुमच्या घरी आले तर तुमची पण बघेन, राग मानू नका.

लग्न करून नागावला आले. माझ्या सासऱ्याची घोडागाडी होती, अलिबागवरनं रेवदंड्यापर्यंत माणसं सोडायचा, पण मी आले तवा रिक्षा झाल्या होत्या आणि गाडी वाडीत नारळाखाली उलटी पडलेली, कोंबड्या अंडी घालायच्या तिच्यात. घोडा मातर होता. तो किनाऱ्यावर न्यायचे, मुंबईची माणसं पोरांना बसवायची, फोटो काढायची. सासरा गेला, मग आमच्या ह्यांनी धंदा धरलान. म्हातारा घोडा पण गेला आणि हे माथेरानकडनं शेवंतीला घेऊन आले. फिक्या पिवळ्या रंगाची घोडी, अजून पोरच होती. सासूनं बघितलान आणि बोलली, ही तर शेवंती. घरात तेच नाव पडलं. किनाऱ्यावर गिऱ्हाइकाला ह्यांनी सांगायचं, राणी नाव हाय, कारण त्या लोकांना घोडीचं नाव राणीच लागतं. ती बिचारी दोन्ही नावांना कान टवकारायची.

सासूचं सांगायला पायजे, कारण सगळं तिच्यावरच येऊन ठेपतं. मी उरणची, मी मला न बोलता मना बोलायचे, तर ती हसायची, शेजारणींना बोलवून माझ्याकडनं बोलवून घ्यायची. मला राग यायचा. पण मी पहिल्या दिवशी त्या घरात पाऊल टाकलं ना, तवा खाली बघितलं आणि गप झाले. अशी जमीन मी बघितली न्हवती. शेणानं सारवलेली, एक रेघ इकडची तिकडे न्हाय, बोटांचे अर्धे गोल एकात एक घातलेले. गावात लगीन असलं, बारसं असलं की मांडवाखालची जमीन करायला हिलाच बोलवायचे. आधी चोपणीनं चोपायची, ती लाकडी थापी असते ना, तिनं, मग सारवायची, आणि झालं की कुणाला पाय टाकू द्यायची न्हाय, सुकेपर्यंत काठी घेऊन बसायची. एकदा सरपंचाला उभा ठेवलान उन्हात. आमची दोघींची भांडणं झाली ती पण ह्याच्यावरनंच, की माती किती आणि शेण किती. मी बोलायचे माझ्या बापाच्या वाफ्यावर बैल चालवा, खूर रुतायचा न्हाय, ती बोलायची तुझ्या बापाच्या वाफ्यात देवाचा दिवा ठेवतात काय? कारण आमच्यात असं हाय, जिथं दिवा लागायचा, जिथं नैवेद्य ठेवायचा, ती जमीन सारवलेली पायजे. बिनसारवलेल्या जमिनीवर दिवा ठेवायचा न्हाय, ती जमीन उघडी, ती सुतकातली. हे तिच्या हाडात होतं. भांडायचो, पण खोटं कशाला बोलू, घरात मला जपणारी तीच होती. माझी कूस उजवली न्हाय, बाहेरच्यांनी बोलायचं ते बोलले, हिनं एका शब्दानं बोलून दाखवलान न्हाय. बोलायची, घोडी हाय ना, पोरच हाय ती.

तबेला म्हणजे काय हो, वाडीच्या कडेला नारळाच्या झापांची पडवी. तिथली जमीन पण सासूच करायची. दर वर्षी पावसाळा सरला की मुरूम-माती आणायची, चोपायची, वर भाताचं तूस टाकायचं. पण घोड्याचं मूत म्हणजे काय गाईचं मूत न्हाय, ते धबाधबा, आणि नेमकं त्याच जागी, खड्डा पडतो, खड्ड्यात साचतं, वास मारतो, माशा. मग एका उन्हाळ्यात धंदा बरा झाला तर हे बोलले, आपण कोबा करू. सिमेंटचा. केला. धुवायला सोपं झालं, एक बादली मारली की झालं, मीच बोलले बरं केलंत. सासूला न्हाय आवडला. पण ती दसऱ्याला, पाडव्याला त्याच्यावर पण सारवायची, आणि कोब्यावर सारवलेलं लगेच सुकतं, सिमेंट पाणी पिऊन टाकतं, घटकाभरात खडखडीत. तिनं कितीतरी सण कोब्यावर सारवलान. घोडीला काय झालं न्हाय. हे ध्यानात ठेवा तुमी, कारण नंतर सगळे सासूलाच बोलले.

कोब्यानं दुसरंच झालं. घोडी दिवसभर वाळूत, वाळू मऊ, आणि घरी आली की दगडावर उभी. हळूहळू पुढचे गुडघे सुजायला लागले. आधी आमाला वाटलं थकलीय. मग बघितलं तर ती बसायचीच न्हाय. घोडा उभ्यानं झोपतो ते खरं, पण कधीतरी त्याला अंग टाकायला लागतं, आमची शेवंती टाकायची न्हाय, तिला तो कोबा टोचायचा. लंगडायला लागली. लंगड्या घोडीवर कोण पोरगं बसवणार? हे गुडघ्यांना एरंडेल चोळायचे, मी गरम पाण्याचं फडकं लावायचे, सासू लांबनं बोलायची, मी सांगत होते दगड घालू नका. सासवांना सांगत होते बोलायला मिळालं की भाकरी गोड लागते.

तवा ह्यांचा एक दोस्त होता, एका शेठच्या फार्महाऊसवर घोड्यांकडं कामाला, साईस. तो बोलला तुझ्या घोडीला रबर घाल. हे बघायला गेले तिकडं आणि आले ते येडे होऊनच आले. बोलले अगं घोड्यांना पंखे हायत, घोड्यांच्या खोलीला जाळीच्या खिडक्या हायत, आणि खाली रबराच्या जाड मॅटी, त्याच्यावर पाय ठेवला तर आपल्या गादीवर ठेवल्यासारखा, वर खाचा पाडलेल्या, मूत त्या खाचांतनं निघून जातं, घोडा ढाराढूर झोपतो. मी बोलले मग तुमीच जाऊन झोपा तिथं. पण रबर नवीन घ्यायचं तर नाकापेक्षा मोती जड, आमचा अख्खा तबेला विकला तरी त्या मॅटी यायच्या न्हाईत.

तर माझा भाऊ. तो उरणला भंगाराच्या धंद्यात. त्याला फोन केला तर बोलला ताई, मॅट कशाला, मी तुला पट्टा देतो. तो माल वाहून न्यायचा पट्टा असतो ना कारखान्यांत, जाड रबराचा, आत दोरे, झिजला की काढून टाकतात, तो भंगारात येतो. टेंपोत घालून आणलान. काय वजन त्याचं! चार बाप्ये लागले टेंपोतनं ढकलायला, साप वेटोळं घालून बसावा तसा पडला वाडीत. हे कापायला बसले तर सुरी चालेना, मग कुणीतरी सांगितलं पात्याला साबणाचं पाणी लावा, तसं कापला, दोन दिवस कापत होते, हाताला फोड आले. अंथरला. काळाकुट्ट. वर माल घासून घासून गुळगुळीत झालेला, आरशासारखा, सासू बोलली चांगला चकचकीत हाय. आमाला सगळ्यांना चांगलाच वाटला, चकचकीत म्हणजे स्वच्छ. ह्यांनी शेठकडच्या मॅटीच्या खाचा बघितल्या होत्या, पण हे पण बोलले न्हाईत की ह्याला खाचा न्हाईत. रबर ते रबर.

घोडी आत पाऊल टाकेना. काळं बघून तिला वाटलं खड्डा हाय. नाकपुड्या फुगवायची, मागं सरायची, ह्यांनी लगाम ओढलान, पुचकारलान, काय न्हाय. तर सासू उठली. तिनं पदर खोचलान आणि स्वतः त्या पट्ट्यावर जाऊन उभी राहिली, मधोमध, हातावर गुळाचा खडा घेऊन, नुसती उभी. म्हातारी एवढीशी, तिच्यापुढं ती घोडी. शेवंती बघत राहिली, बघत राहिली, आणि एक पाय टाकलान, मग दुसरा. गेली. गूळ खाल्लान. आमचे हे हसले, बोलले आये, तुझंच ऐकते ती.

त्यानंतर चार-दोन महिने असे गेले ना, ते मी विसरणार न्हाय. घोडी पहिल्या आठवड्यातच आडवी पडून झोपली, आमी तिघं दारात उभं राहून बघत होतो, कुणाचं बाळ झोपलेलं बघावं तसं. गुडघे उतरले. किनाऱ्यावर गेली तर मान टाकून न जाता उचलून जायला लागली. मला काम वाढलं, ते पट्ट्याचे तुकडे उचलून खालचं धुवायला लागायचं, न्हायतर खाली मूत कुजतं आणि डोळ्यांतनं पाणी काढतं, ते मी आणि हे एका बाजूनं एक असे धरून उचलायचो, भिंतीला टेकवायचो, सुकवायचो. वर तूस टाकायचो जाड. तुसावर तिचा पाय बसायचा. आमाला कळलंच न्हाय की तिला धरून ठेवत होतं ते तूस, रबर न्हवे.

मग दसरा आला.

दसऱ्याला घोड्याची पूजा असते, तुमाला माहीतच असेल. त्या दिवशी धंदा न्हाय, खोगीर न्हाय. हे सकाळीच तिला घेऊन गेले, समुद्रावर लोळवलीन, मग विहिरीवर आणून गोड्या पाण्यानं न्हाऊ घातलीन, अंग पुसलान, आयाळ विंचरलीन. मी घरात वडे तळत होते. सासूनं तबेला आवरायला घेतला. सगळं तूस काढलान, कोपरे झाडलान, पट्टा पाण्यानं धुतलान, आणि मग सारवलान. सण हाय, दिवा लागायचा हाय, तिथं सारवण नको? तिनं शेण कालवलान आणि त्या रबरावर हात फिरवलान, त्याच अर्ध्या गोलांनी, एकात एक, आणि दाराशी तांदळाच्या पिठाची रांगोळी घातलीन. तिला वाटलं कोब्यासारखं घटकाभरात सुकेल. पण रबर पाणी पीत न्हाय हो. वरनं साय धरल्यासारखं दिसतं, आणि खाली ओलं ते ओलंच. मी बघितलं असतं तरी काय बोलले असते? मी पण बोलले असते, आये, झकास झालंय.

हे घोडीला घेऊन आले. झेंडूची माळ घातलेली, कपाळावर कुंकू, खूर ओले. मी ताट घेऊन सासूच्या मागं. सासू आत उभी, आरती हातात, जशी त्या दिवशी गूळ घेऊन उभी होती तशीच, मधोमध. घोडी तिला बघून आली, बिनधास्त आली. लोखंडी नाल, वर पाणी, खाली ओलं शेण आणि त्याच्याखाली तो आरसा. पुढचे पाय गेले. ती सावरायला मागच्या पायांवर आली आणि मागचे दोन दिशांना गेले, एक इकडं एक तिकडं, आणि आवाज आला. तो मी सांगत न्हाय. जाडा बांबू मोडतो तसा.

ह्यांनी सासूला बाजूला ओढलान म्हणून ती वाचली. घोडी उठायला बघायची. पुढचे पाय टेकवायची आणि घसरायची, परत टेकवायची, परत घसरायची, धरायला काय न्हवतंच खाली. माणसं धावून आली. कुणी राख टाकली, कुणी वाळू आणून ओतली, बांबू आणले, गोणपाटाचे पट्टे करून पोटाखालनं घातले, बैल बसला की उठवतात तसे, सगळ्यांनी मिळून उचललं. वाळूमुळं पुढचे पाय धरले. पण मागचा डावा पाय नुसता लोंबत होता. मग सगळ्यांना कळलं, हळूच खाली ठेवली. सणाचा दिवस, सरकारी डॉक्टर न्हाय. ह्यांच्या त्या दोस्तानं शेठच्या घोड्यांचा डॉक्टर आणलान, तो यायला दुपार टळली. तोवर ती तशीच. माळ गळ्यात तशीच. सासू तिच्या डोक्यापाशी बसलेली, तोंडावरच्या माशा वारत. डॉक्टरानं हात लावून बघितलान आणि बोलला, खुब्याचं हाड गेलंय, ह्याला काय करता येत न्हाय, मी इंजेक्शन देतो, तिला सोडवा. हे डॉक्टरच्या पाया पडले. तो बोलला पाया पडून हाड जुळत न्हाय. वाईट न्हवता तो, त्याचं पण तोंड उतरलेलं. जाताना त्यानं पायानं ते सारवण खरवडलान, खालचं रबर बघितलान आणि मान हलवलीन.

ती गेली तवा हे तिच्या मानेवर पडून होते. मग उठले, आईकडं बघितलान आणि एवढंच बोलले,

आये, तू मारलंस तिला.

सासूनं वर बघितलान. मी मध्ये पडले, मी बोलले अहो असं काय, तिला काय माहीत, तर मला बोलले तू गप. आपलेच दात आपलेच ओठ, कुणाच्या बाजूनं बोलणार?

वाडीत खड्डा काढायला शेजारच्या रिसॉर्टचं बांधकाम होतं त्याचा जेसीबी आला. घोडं पुरायचं तर मीठ लागतं, खूप लागतं, न्हायतर कुत्री उकरतात. माझ्या भावाला कळवलं तर तो मिठाच्या गोणी घेऊन आला. त्यानंच पट्टा दिलेला, त्यानंच मीठ आणलान, तो खड्ड्याच्या कडेला उभं राहून लहान पोरासारखा रडला. मी गोणी फोडल्या आणि मीठ टाकलं. जन्मभर मीठ काढलं आमच्या लोकांनी, कुणाकुणाच्या जेवणात गेलं असेल, हे पहिलंच, जे मी माझ्या हातानं मातीत टाकलं. सासू खड्ड्यापाशी आली न्हाय. तिला कुणी बोलवलंच न्हाय.

तेव्हापासून हे आईशी बोलले न्हाईत. तुमाला वाटेल राग हाय, जाईल. मला पण वाटलेलं. दिवाळी गेली, होळी गेली, सासऱ्याच्या श्राद्धाचा दिवस गेला, ह्यांनी पिंड ठेवले, ती त्याच पाटाजवळ बसलेली, आणि दोघांनी एकमेकांकडं बघितलं न्हाय. घरात तीन माणसं आणि मी मध्ये टपालवाली, ह्यांचं तिला सांगायचं, तिचं ह्यांना. सासू बोलायची, त्याला सांग डोक्याला तेल लाव. हे समोरच बसलेले, ऐकू येत होतं, पण मी सांगायचं, तेल लावा. तिनं ह्यांच्यासाठी बोंबलाचं कालवण करावं, ह्यांनी खावं, ताट धुवून ठेवावं, उठून वाडीत जावं. मारणं बरं असतं हो, मार विसरतो माणूस. मला विचाराल तर ह्यांचा राग आईवर न्हवता. खाचा ह्यांनी बघितल्या होत्या. तो राग स्वतःवरचा होता आणि तो ठेवायला घरात दुसरी जागा न्हवती, आईच्या डोक्यावर ठेवलान. हे मी ह्यांना बोलून पण दाखवलंय. त्यावर माझ्याशी पण आठ दिवस बोलले न्हाईत.

सासूनं सारवायचं सोडलान. लोक बोलवायला आले लग्नाला, बोलली हात चालत न्हाईत. हात चांगले चालत होते. अंगण मी सारवायला घेतलं तर बोलली, नको, राहू दे. मग आमी पण लाद्या घातल्या, सगळ्यांसारख्या. दिवा लाद्यांवरच लागतो आता. पट्टा ह्यांनी ओढून बाहेर काढलान, पेटवायला गेले, काळा धूर गावभर झाला, लोक ओरडले, विझवला. मग भावानं उरलेला नेला. घोडी परत घेतली न्हाय. किनाऱ्यावर आता त्या चार चाकांच्या गाड्या फिरतात घुंईघुंई, घोड्याला कोण विचारतो. हे त्याच शेठच्या फार्महाऊसवर लागले, साईस म्हणून. मी पण जाते हल्ली. रबराच्या मॅटी उचलायच्या, खालचं धुवायचं, परत टाकायच्या, ते काम मला येतंच. शेठचे घोडे चांगले हायत, कुणाचं वाईट कशाला चिंतू. पण धुताना मी आधी हात फिरवून बघते खाचा भरल्यात काय. शेठची बायको बोलते मावशी किती स्वच्छ ठेवता.

गेल्या पावसाळ्यापासून सासूचं डोकं फिरलं. आधी छोट्या गोष्टी, चुलीवर पातेलं ठेवून विसरायची. मग मला सासऱ्याची बहीण समजायला लागली. मग एकदा सकाळीच लुगडं गुंडाळून निघाली, कुठं आये, तर बोलली मुरूम आणायला. हळूहळू अंथरुणालाच लागली. खायला मी घालते, धुते, पुसते. मी तिला एवढ्या वर्षांत आये बोलले असेन त्यापेक्षा जास्त ह्या वर्षात बोलले. हे कामावरनं यायचे, ओट्यावर पाय धुवायचे आणि तिच्या खोलीवरनं सरळ पुढं जायचे, नजर खाली. मला वाटायचं, म्हातारी अशीच जाणार आणि हा मग जन्मभर छाती बडवणार, आणि ते पण मलाच बघायला लागणार.

एक दिवस हे असेच आले. पाय धूत होते, हातात तांब्या. आतनं आवाज आला, खणखणीत, तिचा जुना आवाज, ह्यांनाच नावानं हाक,

मधू, घोडीखाली कोरडं हाय काय रे?

माझा हात पिठात तसाच राहिला. ह्यांचं पाय धुवायचं थांबलं. मला वाटलं आता तांब्या ठेवतील आणि वाडीत जातील, गेले म्हणजे दोन तास यायचे न्हाईत. पण ते उभे राहिले, हळूहळू खोलीच्या दारापर्यंत आले. आत गेले न्हाईत, चौकटीला धरून उभे. मला तोंड दिसत न्हवतं, पाठ दिसत होती.

हाय, आये, बोलले. कोरडं हाय.

ती बोलली, मग बरं. आणि भिंतीकडं कूस वळवलीन.

तेव्हापासून रोज. हे आले की तिला पायाच्या पाण्यावरनं कळतं, विचारते, आणि हे सांगतात. कधी ती बोलते तूस घातलंस काय, हे बोलतात घातलं आये, जाड घातलंय. परवा तर हे आत जाऊन तिच्या पायथ्याशी बसले, ती विचारत होती बसते काय रे ती, झोपते काय, आणि हे सांगत होते, झोपते, आडवी होऊन झोपते, घोरते पण. दोघं हसली. मी बाहेर ऐकत होते. सगळं खोटं. मेलेल्या घोडीचं. पण आईपोरं बोलत होती.

आठवड्यापूर्वी डॉक्टरला दाखवलं. तो बोलला, म्हातारपणाचं हाय, पण गोळ्या हायत, दिल्या तर थोडं भान राहील, घरच्यांना ओळखेल, कुठलं कधी घडलं ते थोडं आठवेल. मी गोळ्या घेऊन आले. ह्यांनी विचारलान काय बोलला डॉक्टर, मी सांगितलं ताकदीच्या गोळ्या दिल्यात.

लोकांच्या सासवांना देव शुद्धीवर आणो. माझी हाय तशी राहू दे. तिला भान आलं की आठवेल, आणि आठवलं की ती विचारायची थांबेल. तुमी शिकलेली माणसं, तुमी म्हणाल हे बरोबर न्हाय. न्हाय तर न्हाय. गोळ्या त्या बघा फळीवर हायत, मिठाच्या बरणीमागं. मी अजून पाकीट फोडलेलं न्हाय.